शाखेतली बारा मिनिटं

बायकोचा संशय यायला माणसाला काय लागतं? कुणाला चिठ्ठी लागते, कुणाला शेजारणीची कुजबुज पुरते. केबलमास्तरला एक ओळ पुरली, आणि तीही संगणकाने छापलेली. आधी बायकोचं नाव, मग ‘गोदाम-१’, मग ‘सकाळी ९.०१’.

तो मागच्या दिवसांच्या याद्या उघडत गेला, प्रत्येकीची फक्त पहिली ओळ बघत. सोमवारी गोदाम-१. शुक्रवारी गोदाम-१. मागच्या महिन्यात, त्याच्या मागच्या महिन्यात, रोज नऊ वाजून एक मिनिटाला त्याची बायको शाखेच्या गोदामातल्या संगणकावर. अरे, तिची जागा नकाशांच्या खोलीत! गोदामात तिचं काय काम? गोदामात काम असतं ते गोदामभाऊचं.

त्याच यादीत तो आणखी चार ओळी खाली उतरला असता तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं. पण हवं ते सापडलं की माणूस शोधायचं थांबतो, आणि संशयी माणूस नको ते सापडलं की थांबतो. मास्तरने यादी बंद केली आणि समोरचा गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

हा केबलमास्तर पाणीपुरवठा कंपनीच्या मुख्य कार्यालयातला नेटवर्कवाला. शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं, पण बोलायची तऱ्हा अशी की समोरच्याला आपण बाकावर उभे आहोत असं वाटावं. म्हणून नाव पडलं आणि चिकटलं. फोन वाजायचा, पलीकडून कुणीतरी रडकुंडीला येऊन सांगायचं की हे चालत नाही, ते उघडत नाही. मास्तर आपल्या पडद्याकडे बघायचा. तिथे सगळे दिवे हिरवे. मग ठरलेलं वाक्य यायचं, “माझ्याकडून सगळं ठीक दिसतंय. तक्रार नोंदवा.” आणि फोन खाली. खोटं बोलायचा नाही हो. त्याच्याकडून खरंच सगळं ठीक असायचं.

बायको शाखेत. टेकडीपलीकडे, बसने पाऊण तास. नऊ वर्षं ती तिथे जात होती आणि नऊ वर्षांत मास्तरने शाखेचं दार पाहिलं नव्हतं. कशाला जायचं? सगळं इथून दिसतं की! घरीही बायको फारशी बोलणारी नव्हती. सकाळी ‘किल्ली घेतलीत का’, संध्याकाळी ‘वाढू का’, मध्ये कधी एखादं काहीतरी, ते काय ते त्याच्या लक्षात राहत नसे. स्वभावच अबोल, असं त्याने ठरवून टाकलं होतं. अबोल बायको म्हणजे घराला शांतता, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचासुद्धा.

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी त्याने तिला हसताना ऐकलं. ती स्वयंपाकघरात फोनवर होती. साधं हसणं नव्हे, भिंतीला टेकून, डोळे पुसत, श्वास पुरत नाही असं हसणं. मास्तर हातातली पाण्याची बाटली तशीच धरून दारात उभा राहिला. हे हसणं या घरात कधीपासून आहे?

“नाही हो गोदामभाऊ, आज नवीन काही नाही,” ती म्हणत होती. “कालचंच पुन्हा ऐका.”

तो दिसला तशी ती थांबली.

“कोण होतं?”

“गोदामभाऊ.”

“काय म्हणत होते?”

“काही नाही. कामाचं.”

कामाचं! कामाचं बोलताना कुणी असं पोट धरून हसतं? त्या दिवसापासून मास्तरच्या डोक्यात एकच नाव. जेवताना गोदामभाऊ, दात घासताना गोदामभाऊ. बायकोच्या तोंडी ते नाव पूर्वीही यायचं. गोदामभाऊंनी हे सांगितलं, गोदामभाऊ तसे म्हणाले. तेव्हा त्याने कान दिला नव्हता. आता आठवून आठवून तो एकेक वाक्य उकरून काढत होता आणि प्रत्येकात काहीतरी काळंबेरं सापडत होतं.

शाखेची एक तक्रार मागे येऊन गेली होती. सकाळी पासवर्ड टाकला की काम सुरू व्हायला बारा मिनिटं लागतात. एरवी मास्तर तिकडे ढुंकूनही बघणार नव्हता. पण आता त्याला त्या बारा मिनिटांत रस आला. नऊ वाजून एक मिनिट ते नऊ तेरा. पडदे बंद, कामं बंद, आणि त्याची बायको गोदामात. अस्सं!

तो उठला आणि थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. “शाखेचं लॉगिन हळू चाललंय. मी स्वतः जाऊन बघतो.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुम्ही? स्वतः? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“कामाचा प्रश्न आहे साहेब.”

“मग जा, जा! उद्याच जा, विचार बदलायच्या आत.”

घरी त्याने यातलं अक्षर काढलं नाही. बायको त्या रात्री जेवताना दोनदा काहीतरी सांगायला लागली होती, पण याच्या डोक्यात गोदाम. “हं,” तो म्हणाला. ती ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी बायको आठच्या बसने निघाली. तिच्यामागून हा कार्यालयाच्या गाडीने. नऊ वाजून चार मिनिटांनी त्याने शाखेचं दार हळूच ढकललं.

एक लांब खोली. भिंतीला लागून पाच संगणक, पाचही पडद्यांवर एकच निळा रंग आणि ‘कृपया थांबा’ अशी पाटी गोल गोल फिरणारी. मागे नकाशांची खोली, तिथे सहावा, आणि डाव्या हाताला तीन पायऱ्या उतरून गोदाम, तिथे सातवा संगणक. सगळीकडे माणूस एकही नाही. माणसं होती ती खोलीच्या मधोमध, नळांचे नकाशे पसरायच्या मोठ्या टेबलाभोवती. वसुलीवाले दोघे, मीटरवाली, फोनवर बसणारी, शाखेच्या वरिष्ठ बाई, सगळे खुर्च्या ओढून बसलेले. आणि टेबलाच्या टोकाशी उभी त्याची बायको. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात गुंडाळलेला नकाशा, भुवया वर चढवून ती काहीतरी बोलत होती आणि बाकीचे हसून हसून लोळायचे बाकी होते. अबोल म्हणे! तिच्या अगदी जवळ, टेबलावर कोपर टेकून, मोबाइल तिच्याकडे धरून बसला होता तो गोदामभाऊ.

मेला दिसायलाही बरा होता. उंच, डोक्यावर दाट केस, शर्टाला कडक इस्त्री. मास्तरने वाटेत त्याला ढेरपोट्या आणि टकल्या ठरवून टाकलं होतं, तेही देवाने फुकट घालवलं.

“चालू ठेवा की, रेडिओताई!” मीटरवाली म्हणाली. “थांबलात का?”

रेडिओताई! त्याची बायको दाराकडे बघत होती. तिच्या भुवया खाली आल्या, कमरेवरचा हात सुटला, आणि चेहऱ्यावर तोच घरचा चेहरा आला. मास्तरला हे फार लागलं. त्याला बघून बायकोचा चेहरा बंद झाला, दुकानाची फळी टाकावी तसा.

“हे... आमचे हे,” ती म्हणाली. “मुख्य कार्यालयातून.”

वसुलीवाल्यांपैकी एकाला ठसका लागला. दुसरा खाली पडलेलं पेन शोधायला टेबलाखाली गेला तो बराच वेळ वर आला नाही. मास्तरला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या शाखेला माहीत आहे, फक्त मला नाही.

“लॉगिन बघायला आलोय,” तो म्हणाला. “आधी गोदामातलं बघतो.”

गोदामभाऊ अदबीने पुढे झाला. “या ना साहेब. तुमच्याबद्दल फार ऐकलंय.”

“काय ऐकलंय?”

“चांगलंच,” गोदामभाऊ म्हणाला आणि उगाचच एका पेटीवरची धूळ झटकायला लागला.

मास्तरने त्याला संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. “टाका तुमचं नाव.” गोदामभाऊने सरावाच्या बोटांनी नाव टाकलं. मास्तर बघतच राहिला. ते त्याच्या बायकोचं नाव होतं.

“हे तुमचं नाव आहे?” मास्तरचा आवाज चिरकला.

“छे! ताईंचं.”

“मग तुम्ही त्यांच्या नावाने आत का जाता?”

“मी एकटा कुठे?” गोदामभाऊ निरागसपणे म्हणाला. “आम्ही सगळेच ताईंच्या नावाने जातो. सातही जण. आमची नावं चार वर्षांपूर्वी बंद पडली ना, पासवर्ड बदलायचं कायसं होतं तेव्हा. फोन केला होता आम्ही. तुम्ही म्हणालात, माझ्याकडून...” तो थांबला, जीभ चावल्यासारखा. “म्हणालात, तक्रार नोंदवा. ताईंचं एक नाव चालू होतं. म्हटलं, एकाच्या ताटात सगळे जेवू, काय बिघडलं?”

आता काय बोलायचं? म्हणजे यादीत खाली आणखी सहा ओळी असणार. वसुली-१, वसुली-२, मीटर, फोन, वरिष्ठ, नकाशा, सगळीकडे हीच. मास्तरच्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. निम्माच. ती गोदामात येत नव्हती हे कळलं, पण ती हसते कशाला हे कुठे कळलं? आणि तो मोबाइल?

तो कामाला लागला. मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यात व्हीपीएन होतं. व्हीपीएन म्हणजे उघड्या इंटरनेटमधून खणलेला कंपनीचा खाजगी बोगदा, आपलं आपणच ये-जा करायचं. सकाळी शाखेत कुणी पासवर्ड टाकला की तो बोगद्यातून मुख्य कार्यालयात जाई, ओळख पटे, आणि मग त्या माणसाच्या पडद्यावरच्या सगळ्या फाइली तिकडून इकडे येत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं ज्याचं बिऱ्हाड त्याच्या नावामागे. आणि संध्याकाळी संगणक बंद केला की शाखेतली प्रत पुसून टाकायची, म्हणजे काही चोरीला जायला नको, हा नियम खुद्द मास्तरचा. म्हणजे रोज सकाळी सगळं बिऱ्हाड नव्याने यायचं. एकाच नावाने सात जण आत जाणार, म्हणजे एकच बिऱ्हाड सातदा, त्या एवढ्याशा बोगद्यातून.

पण नकाशे ठेवणाऱ्या बाईचं बिऱ्हाड असून असून असणार किती? त्याने फाइली मोजल्या. एक फोल्डर होतं, नाव ‘सकाळ’. आत एकशे त्रेसष्ट ध्वनिमुद्रणं.

“हे काय आहे?”

“ते होय!” गोदामभाऊचा चेहरा उजळला. “ते माझंच काम. मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि इथे पडद्यावर ठेवतो. आणि गंमत बघा साहेब, इथे ठेवलं की दुसऱ्या दिवशी आपोआप सगळ्यांच्या संगणकावर येतं! मला काही करावंच लागत नाही.”

मास्तरने कपाळाला हात लावला. आपोआप! ते आपोआप येण्यातच बारा मिनिटं जात होती. आठ महिन्यांपूर्वी तीनच मिनिटं लागायची. वाट बघताना काय करायचं म्हणून यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं, रेकॉर्डिंगमुळे वाट वाढली, वाट वाढली म्हणून रेकॉर्डिंग लांबलं. खो-खो हसत आपल्याच पायात पाय घालणारी ही माणसं!

“फाइली तपासाव्या लागतील,” तो म्हणाला. “तुम्ही जा वर.”

गोदामभाऊ जागचा हलेना. “सगळ्या तपासणार?”

“कामाचा प्रश्न आहे.”

गोदामभाऊ गेला, दर पायरीला मागे वळून बघत. मास्तरने हेडफोन चढवले आणि पहिली फाइल उघडली. आता कळेल, काय ते आता कळेल.

आधी खुर्च्यांचे आवाज, मग बायकोचा आवाज. पण तो तिचा आवाज नव्हताच. ती एका पुरुषाच्या आवाजात बोलत होती, घसा साफ करत, शब्द ओढत. एक माणूस आहे. त्याच्या घरातला फ्रीज आवाज करतो. हा उठतो, प्लग काढतो, मोजून तीस आकडे म्हणतो, प्लग लावतो. फ्रीज पुन्हा आवाज करतो. ‘माझ्याकडून सगळं ठीक दिसतंय,’ हा फ्रीजला सांगतो. सहा जणांचं हसणं. सासूबाई फोनवर रडत असतात, हा म्हणतो, ‘आवाज तुटतोय, पुन्हा सांगा.’ आणखी हसणं. मास्तरलाही हसू आलं. कोण हा गाढव, त्याने मनात म्हटलं, आणि हिला एवढा बारकाईने कसा माहीत? कुठे भेटते ही याला? हेव्याने त्याचे कान गरम झाले.

मग तो माणूस म्हणाला, “रुसलीयेस का? एकदा झोपून ऊठ, ठीक होईल.”

मास्तरने हेडफोन दोन्ही हातांनी धरले. हे वाक्य त्याने ऐकलेलं नव्हतं, म्हटलेलं होतं. कितीदा ते त्यालाच माहीत.

म्हणजे पंधरा दिवस ज्याच्या नावाने तो जळत होता तो हा स्वतःच. बायको रोज ज्या पुरुषाबद्दल बोलून सहा माणसांना लोळवत होती तो हाच. लाज वाटली, राग आला, आणि खरं सांगायचं तर हेवा काही गेला नाही, उलट वाढला. त्याचीच गोष्ट, आणि ऐकणारे दुसरे! त्याच्या बायकोच्या तोंडून त्याचा हा एवढा रंगतदार केबलमास्तर बाहेर पडत होता, आणि मजा कोण लुटत होतं? गोदामभाऊ!

त्याने ‘सकाळ’ फोल्डर निवडलं. एक कळ दाबली की एकशे त्रेसष्टच्या एकशे त्रेसष्ट गेल्या असत्या आणि लॉगिनही पळायला लागलं असतं. अगदी कामाचा भाग म्हणून, कुणी बोट ठेवू शकलं नसतं. बोट त्या कळीवर टेकलं होतं. पण कालची फाइल ऐकायची राहिली होती, आणि जळणाऱ्या माणसाला शेवटचं लाकूडही हवंच असतं. त्याने ती उघडली.

कालच्या फाइलमध्ये सुरुवातीला हसणं नव्हतं. वरिष्ठ बाई विचारत होत्या, “मग घरी सांगितलंत की नाही? बंदरावरच्या कार्यालयाचं?”

“सांगायला गेले होते,” बायको म्हणाली. “थांबा, करूनच दाखवते.” मग तिचा स्वतःचा आवाज, “अहो, मला बंदराच्या नव्या कार्यालयात नकाशा विभागाची प्रमुख म्हणून बोलावलंय. दोन वर्षांसाठी. इथून दिवसभराचा प्रवास आहे. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं?” आणि मग तो ओढलेला आवाज. “हं.”

हसणं झालं, पण थोडं.

“आणि शाखेच्या लॉगिनची तक्रार मीच रीतसर नोंदवली होती, माझ्या नावाने. म्हटलं, घरी नाही तर तिथे तरी माझं नाव वाचतील. चार मिनिटांत बंद केली. शेरा काय लिहिला होता?”

सहाही जण एका सुरात ओरडले, “माझ्याकडून सगळं ठीक!”

हसण्याचा गदारोळ उठला. तो ओसरल्यावर कुणीतरी विचारलं, बहुतेक गोदामभाऊनेच, “मग जाणार का ताई?”

“काय माहीत,” बायको म्हणाली. आता तो फक्त तिचा आवाज होता. “रोज सकाळी ठरवते, आज हो लिहून टाकायचं. पासवर्ड टाकते. बारा मिनिटं जातात, तुम्ही सगळे हसवता, आणि पडदा उघडेपर्यंत वाटतं, राहू दे.”

फाइल संपली. मास्तरने हेडफोन काढले आणि वर बघितलं. तिसऱ्या पायरीवर बायको उभी होती. केव्हापासून होती कोण जाणे. तिने पडद्यावर उघडलेलं फोल्डर पाहिलं, त्याच्या गळ्यातले हेडफोन पाहिले. वरून कुणीतरी हाक मारली आणि ती वळून गेली.

आता करायचं काय? तक्रार घेऊन आलेला माणूस दुरुस्ती न करता परत कसा जाणार? मोठे साहेब संध्याकाळी विचारणार. मास्तरने फोल्डर पुसलं नाही, गोदामातल्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर हलवलं. सहा जणांची बंद पडलेली नावं सुरू करून दिली, प्रत्येकाला नवा पासवर्ड दिला. संध्याकाळी प्रत पुसायचा आपला नियम स्वतःच्या हाताने काढला आणि डिस्कला कुलूप लावलं, चोरी झाली तरी कुणाला काही वाचता येऊ नये असं. जेवणाची वेळ टळून गेली तरी तो खालून वर, वरून खाली करत होता. तीनच्या सुमाराला त्याने सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं. “टाका पासवर्ड.”

अडतीस सेकंद. सातही पडदे उघडले.

त्याला वाटलं होतं टाळ्या पडतील. एकही पडली नाही. वसुलीवाला आपल्या पडद्याकडे बघत राहिला, घरी अनोळखी पाहुणा आल्यासारखा. मीटरवालीने सवयीने खुर्ची मागे ओढली होती ती पुन्हा पुढे घेतली. बायकोने नकाशांच्या खोलीतून एकदा बाहेर बघितलं आणि मान खाली घालून टाइप करायला लागली. मोठं टेबल मधोमध रिकामं पडलं होतं. हेच तर करायला मास्तर आला होता. सात माणसं सात भिंतींकडे तोंड करून बसली होती, आणि त्याला ते अजिबात बघवेना.

“साहेब,” गोदामभाऊ हळूच म्हणाला, “थोडं हळू नाही का करता येणार? बारा नको. चार-पाच मिनिटं?”

“नाही,” मास्तर म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पण बसायला कुणी बंदी केलीय का?”

गाडी त्याने दुपारीच परत पाठवली होती. संध्याकाळी तो बायकोबरोबर बसथांब्यावर उभा राहिला, लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदाच. थांब्याला एक बाक होता आणि समोर टायरच्या दुकानाचं शटर. ती बाकाच्या एका टोकाला बसली. तो आधी उभा राहिला, मग दुसऱ्या टोकाला बसला.

“किती ऐकलंत?” तिने विचारलं.

“पहिली. आणि कालची.”

“राग आला?”

“आला.” तो शटरकडे बघत म्हणाला. “सहा जणांना आधी कळतं. मला मागून, तेही चोरून.”

“तुम्हाला तीनदा सांगितलं. काल रात्री चौथ्यांदा सांगणार होते.”

एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

“शुक्रवारपर्यंत आहे ना?” तो घाईने म्हणाला. “आज बुधवार. आपण बोलू. उद्या मी रजा टाकतो, बसून बोलू.”

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “मी कळवलं.”

“काय?”

“हो म्हणून. दुपारी तीन वाजता.” ती त्याच्याकडे बघत होती. “तुम्ही पासवर्ड टाका म्हणालात, मी टाकला. रोजच्यासारखा विचार करायला घेतला, तर समोर पडदा उघडलेला. विचार करायला वेळच मिळाला नाही.”

अडतीस सेकंद. मास्तरने हातातलं घड्याळ उगाच फिरवलं. बस येताना दिसत नव्हती.

“एकोणीस दिवसांनी रुजू व्हायचंय,” ती म्हणाली. “तुमच्याकडून काही?”

ते वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं. वीस वर्षांची सवय, जीभ आपोआप वळते. त्याने ओठ मिटले. मग म्हणाला, “माझ्याकडून ठीक नाही.”

ती बंद गुंडाळायची थांबली.

“काहीच ठीक नाही,” तो म्हणाला. “मला त्या गोदामभाऊचा हेवा वाटतो. तो दिसायला बरा आहे म्हणून नव्हे. तुला हसताना त्याने एकशे त्रेसष्ट वेळा ऐकलंय ग. मी एकदा ऐकलं, तेही दारात उभा राहून, आणि मला बघून तू थांबलीस. तू जा. नको जाऊस म्हणायला मला तोंड नाही. पण ठीक नाही म्हणजे नाही.”

बायकोने पिशवी बाजूला ठेवली. तिचे डोळे भरले होते. पण तिने घसा साफ केला, भुवया वर चढवल्या, पाठ ताठ केली आणि त्याच्याकडे न बघता, समोरच्या शटरला सांगावं तसं ओढून म्हणाली, “हं. तक्रार नोंदव.”

आवाज हुबेहूब होता. मास्तरला आधी हुंदका आला की हसू, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो वाकून गुडघ्यांवर हात ठेवून हसत राहिला, आणि त्याच्या शेजारी ती हसायला लागली, फोनवर हसली होती तशी, श्वास पुरेना अशी.

“नोंदवतो,” तो डोळे पुसत म्हणाला. “पण चार मिनिटांत बंद करू नकोस.”

बस आली, थांबली, दार उघडलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही, तेव्हा चालकाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बस पुढे नेली.